दोघांत मिळून दात त्रेसष्ट

रोहा, बंदराजवळ
५ जून १९६९

तीर्थरूप दादास हौसाचा नमस्कार.

तू परत गेलास त्याला आठवडा झाला. वहिनी अर्धांगानं एका कुशीवर पडलेली, तिला शेजारणीवर टाकून तू इथे किती दिवस बसणार, हे मला कळतं. म्हणून रागावले नाही. पण तू असताना आपण ज्याची वाट बघत धक्क्यावर बसायचो तो अजून आला नाही. नाथा आला नाही.

मचवा बुडाला तेव्हा त्यावर चौघे होते हे तुला माहीत आहे. दोघे पोहून वर आले, नाथा आणि जनू राहिले. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या पलीकडे किनाऱ्याला एक प्रेत लागलं. तिथल्या पोलिसांनी पंचनामा केला आणि तिथेच अग्नी दिला, कारण ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आमच्यापर्यंत खबर आली तेव्हा राखसुद्धा भरतीनं नेली होती. चेहरा माशांनी खाल्लेला. अंगावर खाकी अर्धी पँट. मचव्याच्या मालकानं ती चौघांनाही एकाच ताग्यातून शिवून दिली होती. म्हणजे ते नाथाचं, नाहीतर जनूचं.

आता एका प्रेताला दोन घरं झाली आहेत. भावकीची बैठक बसली. ज्याच्या नावानं प्रेत ठरेल त्याच्या घरी सुतक, त्याच्या बायकोच्या बांगड्या फुटणार. ज्याच्या नावानं नाही ठरणार तो बेपत्ता. त्याची बारा वर्षं वाट बघायची, तोवर त्याच्या बायकोच्या कुंकवाला कोणी हात लावायचा नाही, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. एकीकडे माझी सून मैना बसली होती, दुसरीकडे जनूची रंभा. दोघी एकमेकींच्या घरचं पाणी भरणाऱ्या, आणि एकीनंही दुसरीकडे बघितलं नाही.

दादा, ते नाथाचं नाही. मी त्याची आई आहे, मी सांगते.

तुझं ते हसण्याचं पुस्तक होतं, बेसूर बत्तिशी. त्यात नाथाचा फोटो आहे. आमच्याकडची प्रत पुराच्या साली भिजून गेली. त्याचा दुसरा फोटो घरात नाही. तुझ्याकडे जेवढ्या प्रती असतील तेवढ्या सगळ्या मला पाठव. एक नको, सगळ्या पाठव. मला त्याचा चेहरा बघायचा आहे.

लवकर पाठव.

हौसा


पेण
९ जून १९६९

चि. हौसास कमळाकरचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून दोनदा वाचलं. चंद्रावतीनं आतून खुणेनं विचारलं, काय झालं? मी तिला सांगितलं, हौसाला माझं पुस्तक हवं आहे. तिचा वाकडा ओठ जरासा हलला. नऊ वर्षांत माझं पुस्तक कोणी आपणहून मागितलं ते तूच पहिली, आणि तेही अशा वेळी. देव विनोदी आहे, फक्त त्याच्या विनोदावर आपल्याला हसता येत नाही.

खरं सांगतो, माझ्याकडे एकही प्रत नाही. माझी स्वतःची वाळवीनं खाल्ली, निदान तिला तरी ती आवडली म्हणायचं. बाकीचे गठ्ठे पोटमाळ्यावर पडून होते. तीन वर्षांपूर्वी ते मी जोह्याला हिरामणच्या गणपतीच्या कारखान्यात दिले. कागद भिजवून, कुटून, डिंक घालून त्याचा लगदा करतात आणि साच्यात भरतात. मला वाटलं, लोकांनी वाचलं नाही तर नाही, निदान अकरा दिवस आरती तरी ओवाळतील. चेष्टा केली तेव्हा गोड वाटली होती. आज ती कडू लागते आहे.

पण हिरामणकडे अजून काही शिल्लक असेल. तो माणूस सुतळीसुद्धा फेकत नाही. मी जाऊन बघतो.

तो फोटो कसा काढला ते तुला आठवतं का? त्या काळी माणसं कॅमेऱ्यासमोर अशी बसायची की जणू त्यांच्याच तेराव्याला तो फोटो लावायचा आहे. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी बॉक्स कॅमेऱ्याच्या खटक्याला सुतळी बांधायचो, तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. क्लॅरिनेटवर छान मंगल धून धरायची, माणूस तोंड मिटून ताठ बसला की मध्येच एक सूर असा वाकडा सोडायचा की गाढवानंही लाजावं. माणूस फस्सकन हसला की अंगठा ओढायचा. पुस्तकातले बत्तीसच्या बत्तीस फोटो असेच पकडलेले. ब्लॉक करून छापणं परवडणारं नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रतीत फोटो हातानं खळीनं चिकटवले. चंद्रावतीनं आणि मी एक अख्खा पावसाळा तेच केलं. पहिल्या पानावर छापलं होतं, हसतील त्याचे दात दिसतील. लोक हसले, पण पुस्तकाला नाही, मला हसले.

नाथाचा आणि जनूचा फोटो एकत्र आहे, निडी गावच्या लग्नातला. दोघे अठरा वर्षांचे, माझ्या बँडात नवे. नाथाच्या गळ्यात ताशा, जनूच्या पोटावर ढोल. खालची कविता मला अजून पाठ आहे:

ढोल जनूचा, ताशा नाथाचा,
नवरी भ्याली, घोडं उधळलं;
भटजी विचारी, मंत्र कुठला,
अक्षता टाकून वऱ्हाड पळालं.

एक हसला की दुसरा हसतो,
वाजंत्रीहून हसणं धष्टपुष्ट;
मोजून घ्या हो मांडवकरांनो,
दोघांत मिळून दात त्रेसष्ट.

आता माझेच पुढचे दात गेले, क्लॅरिनेटची पट्टी धरायला तोंडात काही राहिलं नाही, म्हणून ते खुंटीला टांगलं आहे. पण तुझा नाथा दारात उभा राहू दे, मी हिरड्यांनी वाजवीन.

वहिनी तुझी आठवण काढते. मैनाला जप.

तुझा
कमळाकर


रोहा
१३ जून १९६९

तीर्थरूप दादास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या गमती वाचायला मला आता बळ नाही. जोह्याला गेलास की नाही तेवढंच लिहायचं होतंस.

बैठक पुन्हा बसणार आहे, सोमवारी २३ तारखेला. हैबतराव सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी विचारलं तेव्हा मी देवीसमोर हात ठेवून सांगितलं की प्रेत माझ्या नाथाचं नाही. मैनालाही विचारलं. ती खाली बघून म्हणाली, “मला काय म्हाईत नाय.” पोरीच्या तोंडून तेवढंच निघालं. आम्ही दोघी एका चुलीवर भात शिजवतो आणि दोघी तो तसाच झाकून ठेवतो. ती हात पदराखाली धरून बसते. बांगड्या वाजल्या तर कोणाला ऐकू जातील, असं तिला वाटतं.

लोक म्हणतात हैबतरावांचा कल माझ्या बाजूनं आहे. मी विधवा, एकुलता एक मुलगा, वयानं मोठी. रंभा तरणी आहे, तिला माहेर आहे.

रंभाच्या आणि आमच्या घरात एकाच कुडाची भिंत. ती रडते ते मला ऐकू येतं. मी मग जोरानं जातं फिरवते, दळायला काही नसलं तरी.

दादा, तुझ्या पाया पडते. प्रत सापडली की लगेच रजिस्टर्ड पाठव, माझ्या नावानं, माझ्याच हातात पडेल अशी. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. कोणी मागायला आलं तर नाही म्हणून सांग. मला माझ्या मुलाचा फोटो दहा घरांत फिरायला नको आहे. लोक त्याला हात लावतील, हळहळतील, नजर लावतील. तो जिवंत आहे.

तू लहानपणी माझ्यासाठी कैऱ्या चोरून आणायचास. तसंच हे आण.

हौसा


पेण
१८ जून १९६९

चि. हौसास आशीर्वाद.

सापडलं. पहिल्यांदा तेच लिहितो, म्हणजे तुझा जीव खाली बसेल. पुस्तक आजच्याच टपालानं रजिस्टर्ड पाठवलं आहे.

चंद्रावतीला सकाळचं खाऊपिऊ घालून मी जोह्याची एस.टी. धरली. कारखान्यात नागपंचमीच्या आधीची गडबड. हिरामण म्हणाला, “मास्तर, तुमची बुकं कवाच भिजली. पार तुमच्या बुकाचा एक मोठा गनपती तळ्यावर बसला व्हता, सोंड लय मजबूत झाली व्हती.” मी खांबाला टेकलो. त्याला वाटलं मी प्रत न मिळाल्याच्या दुःखात आहे. तेही होतंच.

मग त्यानं मला मागच्या पडवीत नेलं. फोटोचा कागद लगद्यात भिजत नाही, म्हणून बायकांनी कुटायच्या आधी सगळे फोटो सोलून काढले होते आणि भिंतीला चिकटवले होते. अख्खी भिंत माझी बत्तिशी. पण वर कौल फुटलेलं. तीन पावसाळे त्यावरून पाणी उतरलं, वर रंगाचे फवारे. कोणाचं नाक उरलेलं, कोणाचा फेटा. मी बोटानं पुसत पुसत नाथाला शोधत राहिलो. नाथा-जनूचे पाच-सहा तरी फोटो होते. ढोल दिसत होता, ताशा दिसत होता, वर नुसता पांढरा डाग.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. हसवणारा मास्तर रडतो म्हणून सगळ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

डोळे रंगवणारी एक पुतळी म्हणून बाई आहे. ती काही न बोलता घरी गेली आणि तांदळाच्या कणगीमागून एक पुस्तक घेऊन आली. कुटायला घेतलं त्या दिवशी तिनं एक बाजूला काढलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती बाकीच्यांना त्यातली एकेक कविता वाचून दाखवते. मला म्हणाली, “मास्तर, हे न्येलं तर आमी दुपारी हसायचं कशावर?” मी सांगितलं, माझ्या बहिणीचा मुलगा आहे यात, सापडत नाही. तिनं पुस्तक कपाळाला लावून माझ्या हातात दिलं. माझ्या पुस्तकाला एवढा मान कोणत्याही सभेत मिळाला नसता, आणि तो घ्यायलाही माझं मन लागलं नाही.

एस.टी.त पुस्तक उघडलं नाही. उघडलं असतं तर टपालात टाकलं नसतं. जगात ही एकच प्रत उरली आहे, हौसा. सांभाळ. पोच पाठव.

कमळाकर


पेण
२१ जून १९६९

हौसा,

आज रंभा येऊन गेली.

सकाळच्या गाडीनं एकटी आली. पायात चप्पल नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही. उंबऱ्याबाहेरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, “मामा, तुमचं बुक पायजे. एक डाव बघू द्या, न्येत नाय.”

मग तिनं मला सगळं सांगितलं. जे तू मला सांगितलं नाहीस ते. पंचनाम्यात लिहिलं आहे की प्रेताच्या वरच्या जबड्यात, उजव्या बाजूला, सुळ्यामागचा दात नव्हता, जुना पडलेला. भावकीत सगळ्यांना आठवतं की नाथा-जनूपैकी एकाचा दात बँडात असताना गेला होता. कोणाचा, हे कोणी शपथेवर सांगत नाही. निम्मे म्हणतात नाथाचा, निम्मे म्हणतात जनूचा. बैठकीत माझी कविता म्हणून दाखवतात, दोघांत मिळून दात त्रेसष्ट, आणि भांडतात. रंभा म्हणते माझ्या नवऱ्याची बत्तिशी पुरी होती. तू म्हणतेस तुझ्या मुलाची. दोघी बायकाच, कोणाचं खरं मानायचं? आणि तू देवीवर हात ठेवलास.

कोणाचा दात कमी ते कवितेत मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. लोकांनी फोटोत शोधावं, शोधताना हसावं, म्हणून. केवढी हुशारी वाटली होती.

रंभानं मला विचारलं, “तुमीच हसवलंत ना दोघांना. तुमी समोर व्हता. तुमीच सांगा, दात कोनाचा गेला व्हता?”

हौसा, निडीच्या आधीच्या लग्नात जनूनं ढोलावर काठी उगारली आणि ती मागे उभ्या नाथाच्या तोंडावर बसली. रक्त मी पुसलं. हळद तू दाबलीस. दात हातात घेऊन नाथा हसत होता की मास्तर, आता मला शिट्टी जमेल. हे मला डोळ्यांसमोर दिसत असताना मी रंभाला म्हणालो, मला आठवत नाही. पुस्तक नाही, सगळी गणपतीच्या कारखान्यात गेली.

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मामा, माझा माणूस जिता हाय असं मी म्हनत नाय. मेलाच असंल. पन माझ्या दारात दुसऱ्याचं मरन आनू नका. बारा वरसं माझी हायत, ती मना द्या.” मग दुपारच्या गाडीनं परत गेली. चंद्रावतीनं पडल्या पडल्या सगळं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाठ करायचा प्रयत्न केला, तिला वळता येईना, तेव्हा डोळे मिटून घेतले. लग्नाला तीस वर्षं झाली, असं तिनं कधी केलं नव्हतं.

आता कळलं तुला सगळ्या प्रती का हव्या होत्या. मी मूर्ख, मला वाटलं बहिणीला माझ्या पुस्तकाची आठवण आली.

तुला काय लिहू? आई म्हणून तू जे करते आहेस ते मला कळत नाही असं नाही. प्रेत नाथाचं नाही असं ठरलं की तो बारा वर्षं तरी जगतो. मलाही तो जगायला हवा आहे. माझ्या मांडीवर वाढलाय तो. पण सोमवारी रंभाच्या बांगड्या फुटतील त्या तुझ्या आणि माझ्या खोटेपणानं फुटतील. पुस्तक जाळलंस तर मला तोंड दाखवू नकोस, असं लिहिलं होतं. खोडलं. मलाच माझं तोंड बघवत नाही, तुला काय सांगू?

मला पाय फुटले असते तर आत्ता धावत आलो असतो. चंद्रावतीजवळ आज कोणी नाही.

जाळू नकोस, हौसा. तो एकच आहे.

कमळाकर


रोहा
३० जून १९६९

तीर्थरूप दादास हौसाचा नमस्कार.

तुझं शनिवारचं पत्र मला मंगळवारी मिळालं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुझ्या सांगण्यानं झालं असं मनात आणू नकोस, आणि तुझ्या खोटं बोलण्यानं काही अडलं असंही नाही. तू रंभाला नाही म्हणालास ते मीच तुला शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी पोस्टमननं पुस्तक हातात दिलं. बैठक तिसऱ्या प्रहरी होती. मैना विहिरीवर गेली होती. मी चुलीसमोर बसले. लाकडं चांगली पेटली होती. मी ठरवलं होतं की पुस्तक उघडायचं नाही, तसंच्या तसं आत सारायचं. तुझ्या पुड्याचा जाड कागद, तो काही धरत नव्हता, नुसता धुरकटला. मग वाटलं, फक्त ते एक पान फाडून टाकलं तर बाकीचे एकतीस बिचारे कशाला जाळायचे? म्हणून उघडलं.

दादा, तो हसत होता.

तोंड केवढं उघडलंय त्यानं. पडजीभ दिसेल एवढं. आणि उजव्या बाजूला ती फट, काळी, मी हळद दाबली होती ती. जनू त्याच्या खांद्यावर डोकं टाकून हसतोय, त्याच्या सगळ्या दातांची ओळ लख्ख. दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलंय. मी तुझी कविता वाचली. घोडं उधळलं इथपर्यंत आले आणि मला हसू आलं. मी खरंच हसले. मोठ्यानं. महिन्याभरात ह्या घरात कोणी हसलं नव्हतं, माझाच आवाज मला परका वाटला.

मैना घागर घेऊन दारात उभी होती. मला वेड लागलं असं तिला वाटलं असेल. ती जवळ आली, तिनं पान बघितलं आणि तीही हसली, तोंडावर हात दाबून. लग्नाला तीनच वर्षं झाली तिच्या. अठरा वर्षांचा नाथा तिनं कधी बघितला नव्हता. मग तिनं चूल बघितली, धुरकटलेला पुडा बघितला, आणि तिला कळलं. म्हणाली, “आत्या, जाळू नका. माझ्याजवळ येवढंच हाय.”

मी म्हटलं, ह्यानं तुझं कुंकू जाईल गो.

ती म्हणाली, “ते गेलंय. तुमाला पन म्हाईत हाय, मना पन.”

पुस्तक घेऊन ती कुडापलीकडे गेली. मी अडवलं नाही. पलीकडून रंभाचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत होते. शिव्या येतील, मला यायलाच हव्या होत्या. देवीवर हात ठेवलेली बाई मी. आवाजच आला नाही. थोड्या वेळानं दोघी आल्या. रंभा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही, आणि तिला मी बोल म्हणणार नाही. पण तिनं मैनाला अंगणात बसवलं, खोबरेल आणून तिच्या हातांना लावलं आणि एकेक बांगडी हळूहळू ओढून काढली. दगडावर हात आपटून फोडायची रीत आहे, तिनं फोडू दिल्या नाहीत. हैबतराव आले तेव्हा बांगड्या पदरात होत्या आणि पुस्तक पायरीवर उघडं होतं. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला आणि खाली मान घालून निघून गेले. बैठक बसलीच नाही.

पोलिसांच्या कागदावर नाव चढवायला फोटो लागतो म्हणाले. हवालदारानं वाफेवर पान धरून फोटो सोलला, अगदी जपून, माझ्यासमोर. तो आता त्यांच्या फायलीत राहणार. परत मिळत नाही. मी एकदा बोट लावून घेतलं.

म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं तो फोटोही माझ्याकडे राहिला नाही. पानावर वहिनीनं लावलेल्या खळीचे चार डाग आहेत आणि खाली तुझी कविता. मी ते पान भिंतीला लावलं आहे. येणारी माणसं कविता वाचतात, वर बघतात आणि विचारतात, कोण हे? मग मैना सांगते. सांगताना ती दातांची गोष्ट सांगते, आणि कधी कधी ऐकणारा हसतो. मग ओशाळतो. मी म्हणते, हसा. त्या पुस्तकाला तेवढंच हवं होतं.

उरलेलं पुस्तक जोह्याच्या त्या पुतळीला परत पाठवते आहे. एक पान कमी आहे, तिला माफ कर म्हणून सांग.

कागदावर नाव चढलं त्या दिवसापासून मोजून आठ तारखेला नाथाचं तेरावं धरलं आहे. वहिनीला दोन दिवस शेजारणीकडे ठेव, पण ये. मला रडायला माणूस नको आहे, रोह्यात ती पुष्कळ आहेत. येताना खुंटीवरचं क्लॅरिनेट घेऊन ये. भटजी निघाले की अंगणात बस आणि निडीच्या लग्नात जो सूर सोडलास, ज्यावर तो एवढा हसला, तो एकदा वाजव. दातांची सबब सांगू नकोस. बेसूर वाजवायला दात लागत नाहीत.

तुझी
हौसा